बाळी छाप मिरचीपूड

माघातल्या एका बुधवारी सकाळी आमच्या आळीतली झाडून सारी माणसं, एक म्हातारी गाय धरून आणि नवलसिंगबापू वगळून, एकदम शिंकली. माझ्या कारखान्याची स्थापना त्याच घटकेला झाली असं मी मानते. नारळ फोडायचा राहून गेला होता, तेव्हा कुठलातरी मुहूर्त धरायला हवाच.

कारखाना हा शब्द माझा नव्हे, आळीचा. माझ्या लेखी ते मागच्या पडवीतलं एक दगडी उखळ होतं, दोन मुसळं होती आणि ती उचलणाऱ्या आम्ही दोघी होतो: मी आणि पलीकडच्या बोळातली चांदबी. पण बाईने घरापुरती मिरची कांडली तर तो स्वयंपाक, आणि विकायला कांडली की लगेच कारखाना. मधलं काही नाहीच.

खरा दोष एका मासिकाचा. त्यात गृहिणींच्या उद्योगांवर लेख आला होता, आणि मूल निजलं असता प्रत्येक गृहिणीचे रोज दोन तास फुकट जातात असा लेखकाने हिशेब मांडला होता. लेखक पुरुष होता. त्याचं मूल कोण निजवत होतं ते काही त्याने लिहिलं नव्हतं. पण त्याने शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की आपल्या मालाची विलायतेत पत नाही याचं कारण एकच, आपला माल निर्भेळ नसतो. हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. त्याने पुढे माझे काय हाल केले ते येईलच.

त्याच सुमारास यांचे एक मित्र भुसावळहून आमच्याकडे जेवायला आले. हे म्हणजे इथल्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. आणि मित्रांनी भुसावळला नुकतंच स्वदेशी मालाचं दुकान काढलेलं. त्यांनी माझं वांग्याचं भरीत खाल्लं, डोळे पुसले, पुन्हा खाल्लं, आणि विचारलं की ही मिरचीपूड कुठली. माझीच, म्हटलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत साठ डबे द्या, ते म्हणाले, मग दर महिन्याला साठ. आखाजी चुकली तर मात्र सुरतेच्या व्यापाऱ्याला शब्द देऊन टाकतो. एवढं बोलून ते ताक प्यायले आणि गाडीला निघून गेले, आणि मी खरकटं काढताना कारखानदारीण झाले.

भांडवल म्हणजे माझ्या हातातल्या दोन पाटल्या. कुणापुढे हात पसरायचा नाही एवढं मी पक्कं ठरवलं होतं. पाटल्या माहेरच्या, माझ्या स्वतःच्या. हे "विचार कर" एवढंच म्हणाले आणि विचार करायला मला एकटीला सोडून शाळेत गेले. पाटल्यांच्या मिरच्या झाल्या. म्हसावदच्या जमनाबाई गुजरांनी आपल्या शेतातली, पथारीवर चांगली कडकडीत वाळवलेली मिरची गाडी भरून पाठवली. उरलेल्यातून डबे आणि लेबलं. आखाजीला माझे वडील मला माहेरी न्यायला येणार होते. लेक उंबऱ्यात आली की आई आधी तिच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. डबे वेळेवर गेले असते तर मी हात पुढे करून सांगणार होते की आई, बस, पाटल्या कुठे गेल्या ते ऐक. नाही गेले, तर नुसत्या काचेच्या बांगड्या आणि सांगायला काही नाही.

बाळी हलली वाटतं. पाळण्याला एक झोका देऊन येते.

हं. निजली.

तर डबे. ते करायचे होते चांदबीच्या नवऱ्याने, सत्तारभाईंनी. डबे, चाळण्या, नरसाळी करण्यात त्यांचा हात धरणारा गावात नाही. त्यांनी बारा डबे इतके सुबक करून आणले की मी एकेक हातात घेऊन बघत बसले. पूड भरली आणि नमुना म्हणून ते स्वतःच खांडबाऱ्याच्या बाजारात विकायला घेऊन गेले. बारा गेले, पुढच्या बाजारी दहा परत आले. अकराव्याचा मालक स्वतः आला आणि ही भाजीत घालायची की कंदिलात, ते विचारू लागला. तेव्हा उलगडा झाला की सत्तारभाईंनी डबे घासलेटच्या जुन्या डब्यांचा पत्रा कापून केले होते. "धुयेल व्हता ना पण," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. चिंच, राख, सोडा, सगळ्यांनी धुतला होता. घासलेटला मात्र त्याची काही कल्पना नव्हती. मग सुरतेहून कोरा पत्रा मागवला. बारावा डबा परत आला नाही. त्या घरी काय झालं असेल या विचाराने मला अजून मधूनच दचकायला होतं.

लेबलाचं काम यांचं. यांनी आठ दिवस खपून आमच्या बाळीचं चित्र काढलं. नऊ महिन्यांची पोर, ती एका जागी ठरेल तर शपथ, त्यामुळे यांनी नाक सोमवारी काढलं, डोळे गुरुवारी, आणि ओठ ती रडत असताना. सगळं एकत्र आलं तेव्हा ते हुबेहूब समोरच्या घरातल्या नवलसिंगबापूंसारखं दिसू लागलं, फक्त मिशा नसलेले. आळीने ते पाहताक्षणी ओळखलं. हे मानायला तयार नव्हते. पाचशे लेबलं छापून आली: "बाळी छाप लाल मिरचीपूड. निर्भेळ." आणि खाली, माझ्या हट्टाने, जाड टायपात: "तेलाचा थेंबही नाही."

ही ओळ का, ते सांगते. इकडे खानदेशात बायका मिरची कांडण्याआधी तिला तेलाचा हात लावतात. चांदबीने पहिल्याच दिवशी वाटीभर तेल मागितलं. मला तो मासिकातला शब्द आठवला. मिरचीत तेल म्हणजे भेसळ की नाही? मी तिच्यापुढे पाच मिनिटं शुद्धतेवर बोलले. तिने ऐकून घेतलं, पदर नाकातोंडाला गच्च बांधला, आणि मुसळ उचललं. पुढे काय झालं ते मी वर लिहिलंच आहे.

आता नवलसिंगबापू. चाळीस वर्षं कोर्टात बेलीफ होते. उभ्या तालुक्याला समन्स बजावून झाल्यावर पेन्शन घेऊन ओट्यावर बसलेले, हातात तपकिरीची चांदीची डबी. रागावले की ते कोर्टाच्या कागदांतलं मराठी बोलत, आणि मन ठिकाणावर असलं की अहिराणी. त्यामुळे त्यांच्या घरात आज काय हवा आहे ते त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून आळीला कळे. तपकीर ओढून ओढून त्यांच्या नाकातली शिंक कधीच संपली होती. माझ्या मिरचीचा खकाणा साऱ्या आळीवर पसरला तरी बापू कोरडे. याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

पण स्वतःला शिंक येत नसली तरी दुसऱ्याची शिंक त्यांना फार. घराबाहेर पाऊल टाकताना शिंक ऐकू आली की परत फिरायचं, वहाणा काढायच्या, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मग पुन्हा निघायचं. हे आपण सगळेच कमीजास्त पाळतो. बापूंचं मात्र कलमवार होतं. एक शिंक आली तर अडवणूक. लागोपाठ दोन आल्या तर जोडी झाली, अडवणूक उठली, खुशाल जा. तीन आल्या की पुन्हा अडवणूक. आता कांडणाच्या दिवशी आमच्या आळीत शिंका काय मोजून येत होत्या? बापू उंबऱ्यात उभे राहून बोटांवर मोजत. सहा... सात... आठ झाल्या की वहाण पुढे सरके, तोच कासाराच्या घरातून नववी.

नुसते बापूच अडकले असते तर गोष्ट वेगळी. पण दूधवाली आळीच्या तोंडाशी थांबू लागली. नवी सून माहेरी निघेना. शेवटी आळी माझ्याकडे सल्ले घेऊन आली. एकीने दारावर ओल्या गोणपाटाचे पडदे लावायला सांगितलं, दुसरीने जिभेखाली गूळ ठेवायला. कुणी म्हणालं मिरची विहिरीत उतरून कांडा. एका आजोबांनी वारा पूर्वेचा असेल तेव्हाच कांडा असं सुचवलं. आजोबा स्वतः पश्चिमेच्या टोकाला राहत नव्हते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेल लावा असं मात्र आळीतली एकही बाई म्हणाली नाही. आपल्या मेल्या रोजच्या गोष्टीत मास्तरीणबाईंना काय शिकवायचं, असं प्रत्येकीला वाटत होतं. चांदबी तेवढी दर कांडणाला वाटी पुढे करायची, आणि मी ती मागे सारायची.

बाळीला त्या खकाण्यात ठेवणं शक्यच नव्हतं. कांडणाच्या दिवशी सकाळी मी तिला समोर बापूंच्या घरात, अगदी मागच्या खोलीत, सुगंधाबाईंच्या हवाली करून यायची. सुगंधाबाई बापूंची बायको. मूलबाळ नाही, माया मात्र पोत्याने. बापू मी गेले की भिंतीकडे तोंड करून बसत. घर म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं एकदा त्यांनी भिंतीला सांगितलंही होतं.

मग चैत्रात ती तारीख आली. बापूंचा एका बांधावरच्या कडुलिंबाबद्दल नऊ वर्षं दावा चालू होता, आणि त्या दिवशी नेमकं माझं सगळ्यात मोठं कांडण. बापू फेटा बांधून निघाले. अकरा वेळा निघाले. अकरा वेळा परत फिरले. मी मधूनच मुसळ थांबवून बघायची, तो त्यांची पाठ दारात दिसायची, आत जाताना. बाराव्या वेळी ते बाहेर पडले तेव्हा कोर्ट उठलं होतं. दाव्याला पुढची तारीख पडली. नऊ वर्षं प्रत्येक वेळी हेच होत होतं, पण दर वेळी बापू तिथे हजर असताना होत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेत अर्ज केला, आणि आठवड्यात आम्हाला नोटीस आली.

"आपले राहते जागेत चालणारा उपद्रवी धंदा" असे शब्द होते. मी ते दोनदा वाचले. लहानपणी मला उपद्रवी म्हणाले असतील, पण शिक्का मारून कुणी म्हणालं नव्हतं. कांडण ताबडतोब बंद. चालू ठेवायचं असल्यास सोबतच्या छापील फॉर्मवर परवानगी मागावी. फॉर्म कातडी कमावणारे, हाडं उकळणारे आणि विटांच्या भट्ट्या या सगळ्यांसाठी एकच होता. जनावरे किती? हाडे कोठे साठविणार? धुरांड्याची उंची? यांनी बोरू घेऊन सुंदर वळणदार अक्षरात उत्तरं लिहिली. जनावरे नाहीत. हाडे नाहीत. धुरांडे नाही, मुसळाची उंची चार फूट. मुसळाची उंची विचारली नसल्याचा शेरा मारून फॉर्म परत आला. यांनी तेवढा मजकूर खोडला, तर खाडाखोड चालणार नाही म्हणून पुन्हा परत आला. तिसरा फॉर्म स्वीकारला गेला आणि साहेब पाहणीला येतील असं कळलं. कधी, ते नाही.

बावीस डबे भरलेले. अडतीस रिकामे, पडवीत ओळीने, त्यांच्यावर अडतीस बापू माझ्याकडे बघत. आखाजीला एकोणीस दिवस.

आळी शांत झाली. दूधवाली दारापर्यंत आली. कुणी शिंकलं तर ते आपल्या स्वतःच्या सर्दीने. बाळी आता दिवसभर माझ्याजवळच. दुसऱ्या घरी ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. ती पडवीत रांगायची, डबे आडवे करायची, आणि मधेच समोरच्या दाराकडे बोट करून काहीतरी बोलायची. मी तिला खिडकीपासून उचलून आणत असे. माझा अपमान झाला होता आणि तो मला नीट सांभाळायचा होता.

चौथ्या दिवशी विहिरीवर सुगंधाबाई भेटल्या. मी मान फिरवली, तर त्यांनी माझी घागरच धरली. म्हणाल्या, माले पन राग येल शे त्यास्ना. मग जवळ सरून, हसू दाबत, त्यांनी मला त्या कोर्टाच्या दिवसाची खरी हकिकत सांगितली. "शिंकस्नं काय लई बसनी तू? पोर जागी व्हती, म्हनीसन त्या मांगे फिरेत." म्हणजे बापू उंबऱ्यापर्यंत जायचे, शिंक ऐकायचे, समाधानाने वहाणा काढायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मागच्या खोलीत बाळीपुढे टेकायचे. नियमात टेकायचं आहेच. त्यात मांडीवर मूल घेऊ नये असं कुठे आहे? तपकिरीची डबी तिच्या हातात देऊन ते तिला आपल्या जुन्या समन्सांच्या गोष्टी सांगत. बाळीला त्या फार आवडत. मग ओट्यावर आले की मिशा सारख्या करून पुन्हा रागीट.

घरी येताना घागर मला हलकी लागली. तरी मी गेले नाही. मानही काही चीज आहे की नाही.

पाचव्या दिवशी बापू स्वतः आले. आमच्या ओट्याची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. चढले, आणि कुणाला समन्स द्यावं तसे ताठ उभे राहिले. हे शाळेत. मी दाराआड.

"कांडण बंद ठेवण्याचे कारण काय?" त्यांनी विचारलं.

"आपली नोटीस," मी म्हणाले.

बापूंनी मिशा सारख्या केल्या. मग खाकरून म्हणाले, "नोटीस कांडणास आहे. मुलीस नाही."

मला आत हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मिरचीचा संबंध नसताना. मी म्हटलं, बापू, कांडण असलं तरच पोर तुमच्याकडे येते, आता कशाला येईल? हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. ते पायरीवरच बसले. अर्ज मागे घ्यायला ते केव्हाच तयार होते. पण चाळीस वर्षं कागदांत घालवलेली असल्याने त्यांना ठाऊक होतं की एकदा पाहणी नेमल्यावर अर्ज मागे येत नाही. साहेबाने येऊन उपद्रव नाही असं लिहून दिलं तरच सुटका. आणि साहेबाला काय नाक नाही?

हे सगळं चांदबी पडवीत देठं खुडत ऐकत होती. तिने सूप खाली ठेवलं, तेलाची वाटी उचलली, आणि ती माझ्यासमोर आणून ठेवली.

"तेलना हात लावा, मंग नही उडस," ती म्हणाली. "पहिला दिनपाशी सांगी ऱ्हायनू."

मी सवयीने लेबलाकडे बोट केलं. तेलाचा थेंबही नाही, पाचशे छापलेत. चांदबीने लेबल उचलून नीट पाहिलं. तिला वाचता येत नाही.

"मास्तरीणबाई, कागदवर काय लिखेल शे, ते मिरचीले वाचता येस का?"

मी ते मासिक मनातल्या मनात मिटलं. मी बापूंकडे पाहिलं. बापूंनी, जणू कोर्टाला सांगावं तसं, जाहीर केलं की त्यांची आई तेलाचा हात लावूनच कांडायची, साऱ्या खानदेशच्या आया तसंच कांडतात, आणि मास्तरीणबाई नाशिककडच्या असल्याने मिरची नुसती कांडण्यामागे काहीतरी शास्त्र असावं असं आळी समजून होती. म्हणजे अडीच महिने एक सबंध आळी माझ्या विद्वत्तेच्या धाकाने शिंकत होती.

साहेब आखाजीला बारा दिवस उरले असताना आले, आणि येताना सर्दी घेऊन आले. दारातच तीन शिंका. संपलं, मी म्हटलं. उखळात अजून एक मिरची पडली नव्हती. पण बापू लेखणी घेऊन पंच म्हणून हजर होते. त्यांनी पहिलंच वाक्य मोठ्याने वाचत लिहिलं: "कांडण सुरू होण्यापूर्वी साहेबांस तीन शिंका आल्या, सबब त्या धरू नयेत." साहेबांनी ते खोडायला सांगितलं. बापूंनी नम्रपणे आठवण दिली की खाडाखोड चालत नाही.

मग चांदबीने तेलाचा हात फिरवलेली मिरची उखळात घातली, आणि आम्ही दोघींनी मुसळं उचलली. साहेब खुर्ची पुढे ओढून, रुमाल तयार ठेवून, वाट बघत बसले. भिंतीपलीकडून सारी आळी ऐकत होती. एक घाणा झाला. दोन झाले. खकाणा म्हणून उडेना. साहेबांनी वाकून थेट उखळात नाक घातलं, तेव्हा मात्र त्यांना एक ठसका लागला. तोही बापूंनी "स्वेच्छेने" असं लिहून नोंदवला. साहेबांनी सही केली. जाताना त्यांनी पाव शेर पूड मागितली, सर्दीवर चांगली म्हणून.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. सकाळी बाळी समोर, आम्ही उखळापाशी, दुपारी चाळणं, भरणं. लेबलांचं काय करायचं हा प्रश्न यांनी सोडवला. शेवटच्या ओळीतले "ही नाही" एवढे दोन शब्द शाईने खोडायचे. उरतं "तेलाचा थेंब", आणि ते खरंच होतं. साठ लेबलं हे आणि बापू आमच्या ओट्यावर बसून खोडत होते. भरून ठेवलेल्या बावीस डब्यांत तर तेलाचा थेंबही नव्हता, तेव्हा त्यांची लेबलं का खोडायची असा यांनी कळीचा मुद्दा काढला. बापू म्हणाले, त्या बावीस डब्यांबद्दल आळीला जे भोगावं लागलंय ते पाहता त्यांना वेगळी वागणूक नको. मधूनच ते एखादं लेबल लांब धरून बघत आणि यांना विचारत, चित्र पोरीचंच ना? यांनी दर वेळी हो म्हटलं.

आखाजीला तीन दिवस उरले तेव्हा साठ डबे दोन खोक्यांत बसले. धुडकू गाडीवान बैलगाडी घेऊन आला. दुपारच्या आगगाडीने खोकी गेली तर दुसऱ्या दिवशी भुसावळला. ती गाडी चुकली तर मधे सुट्टी, आणि मग सुरतेचा व्यापारी. सारी आळी दारात. कुणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकाने नाक चिमटीत धरलं होतं. दूधवालीनेसुद्धा. सुगंधाबाईंनी गाडीवर हळदकुंकू टाकलं. मी बैलांच्या पायांवर पाणी घातलं. हे मधे उभे, खोक्यांची दोरी चौथ्यांदा ओढून बघत. बापू ओट्यावर, त्यांच्या कडेवर बाळी, बाळीच्या हातात ती चांदीची डबी. तीन महिने बाळी ती उघडायला झटत होती.

धुडकूने कासरा हातात घेतला. बैलांनी माना हलवल्या. आणि नेमकी त्या क्षणी डबी उघडली.

बाळी शिंकली.

एकच. बारीक, स्वच्छ. पाखरू शिंकलं तर असं शिंकेल. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेली.

धुडकूने कासरा सोडला. तो वाईट माणूस नाही. बैल त्याचे होते, रस्ता त्याचा होता. "आते नही जावानं," तो म्हणाला. "घडीभर बठनं पडी." आणि उतरून आमच्याच पायरीवर बसला. लांब स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली; गाडी खांडबाऱ्याच्या अंगाने येत होती. घडीभर बसलो तर संपलंच. हे काहीतरी बोलायला गेले, पण धुडकूशी शिंकेवर वाद घालण्याइतकं शास्त्र ड्रॉइंगमध्ये शिकवत नाहीत. मी माझ्या काचेच्या बांगड्यांकडे बघत उभी राहिले. आळीतल्या सगळ्यांनी नाकं सोडली आणि दुसरी शिंक यावी म्हणून धडपड सुरू केली. एकाने उन्हाकडे पाहिलं, एकीने पदराचं टोक नाकात घातलं. अडीच महिने थांबवून न थांबणारी शिंक, त्या दिवशी अख्ख्या आळीत कुणाला येईना. तेलाचा गुण.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

तो आवाज मी कसा लिहावा कळत नाही. दार करकरावं आणि मधेच कुणी कोंबडं दाबावं, तसा. त्यात शिंकेचं काही म्हणजे काही नव्हतं. ज्या माणसाच्या नाकाने चाळीस वर्षांमागे शिंक सोडली, त्याने ती आठवून आठवून केली होती. शेवटी "छी" असं त्यांनी चक्क उच्चारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. बापूंचा चेहरा बाळीच्या लेबलावर आहे तसाच, तंतोतंत. मग त्यांनी धुडकूकडे पाहून अहिराणीत सांगितलं, "जोडी व्हई गयी. हाक आते गाडी."

धुडकूने बापूंकडे पाहिलं. शिंकांच्या कायद्यात बापूंच्यावर अपील नव्हतं. तो उठला, कासरा घेतला, बैलांच्या शेपट्या पिळल्या, आणि खोकी हलली. हे मागून चप्पल सावरत धावले. गाडी वळली. धूळ खाली बसली. सगळे आपापल्या घरात वळले. एका शिंकेबद्दल बोलण्यासारखं असतं तरी काय?

मी ओट्यावर बाळीला घ्यायला गेले. ती यायला तयार नव्हती. बापूंनी खिशातून रुमाल काढला, तिचं नाक पुसलं, आणि मग, मी बघते आहे हे पाहून, आपलंही पुसलं. ते कोरडं होतं.